अडुसष्ट किलो

तो कागद आता दुसऱ्या देशातल्या एका सरकारी फायलीत आहे आणि त्यावरचं अक्षर माझं आहे. खाली सही काकांची आहे. बाकी सगळे आकडे मी लिहिलेले.

लहान विमान उडवण्याआधी एक बेरीज करावी लागते. कोण किती वजनाचं, पिशव्या किती, टाकीत इंधन किती. ती बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या आत बसली पाहिजे. वैमानिक ती बघतो आणि सही करतो. आम्ही त्याला वजनाचा तक्ता म्हणायचो. क्लबच्या त्या सहलीत तिन्ही विमानांचे तक्ते करायचं काम माझ्याकडे होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. घरातलं कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. सात मोठी माणसं माझ्या बेरजेवर विश्वास ठेवून हवेत जाणार होती.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मालक. त्यांचं उद्यमनगरात मशीनशॉप आहे. पप्पा तिथं बावीस वर्षं लेथवर आहेत. पप्पा त्यांना 'मालक' म्हणतात. मीही लहानपणी तेच म्हणायचे, पण काकूंनी ते मोडून काढलं. "मालक ते कारखान्यात. घरात काका म्हणायचं," असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी आठवीत असेन.

काकांना पन्नाशी उलटल्यावर विमान शिकायचं वेड लागलं. हात चांगला, पण गणित कच्चं. लेखी परीक्षेत दोनदा राहिले. तेव्हा पप्पांनी भीत भीत सांगितलं की पोरगीला गणित येतं. मग दोन वर्षं दर रविवारी मी शिवाजी पेठेतून चालत मंगळवार पेठेत त्यांच्या घरी जायचे. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसायचो. वाऱ्याचा कोन, इंधनाचा हिशेब, वजनाची बेरीज. त्यांना शिकवता शिकवता मीच ते शिकले. काकू मधेच यायच्या, पुस्तकावर पोह्यांची बशी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मास्तरीणबाई, आमचा विद्यार्थी पास व्हनार का न्हाय?" काका पास झाले. परवाना आला त्या दिवशी काकूंनी मला साडी दिली. मी अजून ती नेसलेली नाही.

परदेशी सहलीचं ठरलं तेव्हा क्लबमधले सहा जण निघाले होते. कोल्हापूरचे, सांगलीचे, एक बेळगावचे दातांचे डॉक्टर. तिथं जाऊन विमानं भाड्यानं घ्यायची, आणि तिथला एक जाणता वैमानिक पुढे आपलं विमान घेऊन वाट दाखवणार. देश नामिबिया. मी नकाशात शोधला तेव्हा तो पूर्ण पिवळा दिसला. काकू म्हणाल्या, "मी येणार, पण पोरगी बरोबर पायजे. ही सगळी बापय माणसं इंजिनाबद्दलच बोलत बसणार. मी कुणाशी बोलू?" त्यावर काका हसून म्हणाले, "तक्ते करायला पण कोण तरी पायजेच की." असं माझं जाणं ठरलं. घरात पहिला पासपोर्ट माझा. पप्पांनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला आणि परत दिला. आई म्हणाली, "मालकीणबाईंना काही लागलं-सवरलं तर बघ." मी म्हणाले, हो.

हे मी सांगते आहे कारण यातूनच पुढचं झालं. निदान मला तसं वाटतं.

पहिल्या दिवशी विमानतळाच्या एका मोठ्या शेडमध्ये आम्ही जमलो. आमचा म्होरक्या, म्हणजे तो तिथला वैमानिक, साठीचा उंच माणूस होता. कमी बोलायचा. त्यानं जमिनीवर एक साधा वजनकाटा ठेवला आणि सगळ्यांना बूट घालूनच त्यावर उभं राहायला सांगितलं. इंग्रजीत म्हणाला, कुणी मला आकडा सांगू नका, काटा सांगेल. मी वही घेऊन शेजारी उभी होते. दातांचे डॉक्टर चढले, सगळे हसले. सांगलीचे दोघे चढले. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर, दात काढून या, कमी भरंल." काका चढले, अठ्ठ्याहत्तर. मी चढले, बावन्न.

काकू मागे थांबल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदाच पंजाबी ड्रेस घातला होता आणि त्या दुपट्टा सारखा पुढे ओढत होत्या. शेडमध्ये दहाबारा पुरुष होते, त्यातले निम्मे अनोळखी. इंधन भरणारी दोन माणसं काट्याकडेच बघत होती.

काकू माझ्या जवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "माझं अडुसष्ट लिही गं."

मी म्हणाले, "काकू, एकदा उभं राहिलं तर..."

"काट्यावर काय नवीन कळनार हाय? मला माझं वजन ठाऊक न्हाय व्हय? ह्या सगळ्यांफुडं मी न्हाय चढत. लिही अडुसष्ट."

त्या हसत होत्या, पण त्यांचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो घट्ट होता. म्होरक्या दुसऱ्या विमानाचं चाक बघायला गेला होता. काका नकाशाची घडी करत होते.

मी अडुसष्ट लिहिलं.

त्या अडुसष्ट नाहीत हे मला दिसत होतं. कुणालाही दिसलं असतं. मी किती वेळा आठवून बघितलं की त्या क्षणी मी काय विचार केला. फार काही केला नसावा. ज्या बाईच्या घरात मी दोन वर्षं जेवले, जिच्या नवऱ्याच्या कारखान्यात माझे वडील उभे राहतात, तिला चारचौघांत 'काट्यावर चढा' असं दुसऱ्यांदा म्हणायला माझी जीभ वळली नाही. एखादी परकी मुलगी असती तर म्हणाली असती. आणि दुसरं असं, की आकड्यांत भरपूर जागा होती. सकाळची थंड हवा, लांब डांबरी धावपट्टी. दहा-बारा किलोनं काही बिघडणार नव्हतं. मी तशी स्वतःची समजूत घातली.

काकांनी तक्ता घेतला, वरून खाली नजर फिरवली, एका ओळीवर थोडे थांबले असं मला वाटलं, आणि सही केली.

पहिले तीन दिवस चांगले गेले. ते नाकारता येत नाही. आम्ही तांबड्या वाळूच्या टेकड्यांवरून गेलो. एका ठिकाणी समुद्रकिनाऱ्यावर धुकं होतं आणि थंडी वाजत होती, वाळवंट असून. काकू पुढे काकांच्या शेजारी बसायच्या, कारण मागे त्यांना मळमळायचं. मी मागे पिशव्यांबरोबर. हेडफोनमध्ये त्यांचं सगळं बोलणं ऐकू यायचं.

"अवो, खाली एक पण माणूस न्हाय."

"न्हाय. म्हणून तर आलोय."

"मग एवढं लांब येऊन बघायचं तरी कुणाला? गगनबावड्याला गेलतो तेव्हा निदान चहाची टपरी होती."

काका हसायचे आणि विमान थोडं हलायचं. मग काकू म्हणायच्या, हसू नका, सरळ चालवा.

चौथ्या दिवशी आम्ही एका शेतावरच्या मुक्कामातून निघणार होतो. ती धावपट्टी उंच पठारावर होती, खडीची, आणि आखूड. हवा तापली की विरळ होते आणि पंखांना धरायला कमी मिळते. उंचीवर ती आधीच विरळ असते. म्हणून अशा धावपट्टीवरून उजाडतानाच निघायचं असा म्होरक्याचा रिवाज होता. त्यानं आदल्या दिवशीच सांगितलं होतं की दहानंतर निघायची वेळ आली तर तक्त्यात मर्यादेच्या खाली किमान पन्नास किलो मोकळे पाहिजेत. नसतील तर ते विमान दुसऱ्या दिवशी पहाटे निघेल. यात चर्चा नाही.

सकाळी सांगलीकरांच्या विमानाचं चाक बसलेलं निघालं. काटा घुसला होता. ट्यूब बदलेपर्यंत पावणेअकरा झाले. ऊन असं होतं की विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता.

मी सावलीत बसून तिन्ही तक्ते पुन्हा केले. आमच्या विमानात छप्पन्न किलो मोकळे निघाले.

मी त्या आकड्याकडे बघत बसले. अडुसष्टच्या जागी ऐंशीच्या आसपास धरलं असतं तर छप्पन्नचे पंचेचाळीसच्या खाली गेले असते. म्हणजे आम्ही थांबलो असतो. पुढच्या मुक्कामाचं आरक्षण होतं, बाकीची दोन विमानं जाणार होती, आणि आम्ही तिघं का थांबलो हे सगळ्यांना कळलं असतं. मला सांगावं लागलं असतं की पहिल्या दिवशी मी वजन न करता लिहिलं. काकूंना त्या सगळ्यांपुढे काट्यावर चढावं लागलं असतं.

म्होरक्या आला. वाकून विचारलं, किती?

"छप्पन्न," मी म्हणाले.

"खात्री आहे?"

"हो."

त्यानं मान हलवली आणि तो गेला. तो निघाला की दोन मिनिटांनी आम्ही.

पुढचं मी चौकशीवाल्यांना सांगितलं आहे, तेच इथं लिहिते. काकांनी इंजिनला पूर्ण जोर दिला आणि ब्रेक काढला. खडीचे दगड खालून आपटत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आहे हे मला मागे बसूनही कळलं. धावपट्टीच्या शेवटी तारेचं कुंपण होतं, ते मोठं होत गेलं. नाक वर आलं, चाकं सुटली, पण विमान वर चढेना. जमिनीपासून दोन-तीन पुरुष उंचीवर ते तसंच पुढे सरकत राहिलं. मग तो भोंगा वाजला, जो वेग कमी पडला की वाजतो, जत्रेतल्या पिपाणीसारखा. काकू म्हणाल्या, "अवो." एवढंच. काकांनी नाक खाली केलं. कुंपण गेलं. पलीकडे कोरडी नदी होती आणि तिच्या काठावर आपल्या बाभळीसारखी काटेरी झाडं. उजवा पंख झाडाला लागला. काकू उजवीकडे होत्या.

शांतता झाली तेव्हा पहिला आवाज इंधन ठिबकण्याचा होता. माझं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, पण ते मला नंतर कळलं. काकांच्या कपाळातून रक्त येत होतं आणि ते एका हातानं काकूंचा पट्टा सोडवायचा प्रयत्न करत होते. दुसरा हात लोंबत होता. काकू जाग्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीला बघा."

सांगलीकर आणि डॉक्टर धावत आले. आग लागली नाही. दोन तासांनी रुग्णवाहिकेचं विमान त्याच धावपट्टीवर उतरलं आणि त्यांनी आम्हा तिघांना राजधानीतल्या हॉस्पिटलात नेलं.

काकूंना लगेच ऑपरेशनला घ्यायचं होतं. परिचारिका फॉर्म भरत होती. काका शेजारच्या खाटेवर होते, हात फळीला बांधलेला. मी गळ्यात झोळी घालून उभी होते, कारण मला तिथलं इंग्रजी त्यातल्या त्यात समजत होतं. वय विचारलं, मी सांगितलं. कशाची ॲलर्जी आहे का, मी काकांना विचारून सांगितलं. मग तिनं विचारलं, वजन किती? भुलीचं औषध त्यावर ठरतं, म्हणाली.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. छताकडे बघत ते इंग्रजीत म्हणाले, "एटी वन."

परिचारिकेनं लिहून घेतलं.

मी तिथं उभी होते. एक्क्याऐंशी. मनातल्या मनात वजाबाकी झाली, मी करायला नको म्हणत असतानाही झाली. तेरा किलो. छप्पन्नातून तेरा गेले, त्रेचाळीस. काकांना ठाऊक होतं. तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला ठाऊक असणारच. त्यांनीही ती ओळ वाचली होती आणि सही केली होती. पण माझ्यापुढे काटा होता, माझ्या हातात वही होती.

काकू तिसऱ्या दिवशी गेल्या. शुद्धीवर फारशा आल्या नाहीत.

त्यांना कोल्हापुरात आणायला आठ दिवस लागले. त्यांची मुलगी पुण्यात नोकरी करते, ती मुंबईला विमानतळावर आली होती. तिनं मला मिठी मारली. माझ्या मोडलेल्या हाडावर तिचा दंड दाबला गेला, मी तो तसाच राहू दिला.

उत्तरकार्यापर्यंत घरात सतत माणसं होती. मी आईबरोबर रोज जात होते, एका हातानं जमेल ते करत होते, चहाचे कप उचलत होते. काका बैठकीत भिंतीला टेकून बसायचे. जो येईल त्याला ते एकच सांगायचे. "नाक लवकर उचललं मी. अजून थोडा वेग घ्याय पायजे होता. माझ्या हातनं झालं." लोक म्हणायचे, असं नसतं हो, यंत्र आहे. ते म्हणायचे, "न्हाय. यंत्र ठीक होतं." दहा माणसांना दहा वेळा. पप्पा एका कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले असायचे. मी कप घेऊन स्वयंपाकघरात जायचे आणि तिथं थोडा वेळ नळ सोडून उभी राहायचे.

मला वाटायचं, आज सांगू. मग कुणीतरी नवीन यायचं.

दोन महिन्यांनी तिथल्या चौकशी कार्यालयाची ईमेल आली. प्रश्नांची यादी होती. कुठे बसला होता, काय ऐकलं, काय दिसलं. अकरावा प्रश्न असा होता: प्रवाशांची वजनं कोणत्या पद्धतीनं मिळवली आणि ती कोणी नोंदवली?

मी ती यादी घेऊन काकांकडे गेले. दुपार होती. टेबलावर जिथं आम्ही पुस्तकं पसरायचो तिथं आता औषधांच्या पट्ट्या होत्या. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं नीट मिटत नव्हती. ते रबरी चेंडू दाबत होते.

मी म्हणाले, "काका, अकरावा प्रश्न बघा."

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"मला पण आलाय," ते म्हणाले. "मी लिवलंय, सगळ्यांचं वजन केलतं. तू पण तसंच लिही."

"पण तसं झालं नाही."

"मला ठाऊक हाय काय झालं. तिनं तुला सांगितलं, तू लिवलंस. मी वाचलं आणि गप बसलो. माझी सही हाय. पायलट मी हाय. सगळं माझ्यावरच येणार हाय, ते येऊ दे."

"तुम्ही सगळ्यांना सांगता की नाक लवकर उचललं."

"उचललंच असंल."

"काका, खरा आकडा असता तर आपण त्या दिवशी निघालोच नसतो."

त्यांनी चेंडू टेबलावर ठेवला. तो गडगडत कडेपर्यंत गेला, त्यांनी तो डाव्या हातानं अडवला.

"हे बघ," ते म्हणाले, "जन्मभर ती कधी काट्यावर चढली न्हाय. दवाखान्यात गेली तरी डॉक्टरला म्हणायची, अंदाजे धरा. तिला लाज वाटायची. आता ती न्हाय, आणि मी कागदावर लिहून देऊ की हिनं वजन चोरलं म्हणून ही मेली? मी न्हाय देणार. आणि तू पण देऊ नको. तुला परीक्षा द्यायच्यात, पुढं शिकायचंय. तुझ्या बापाची नोकरी माझ्याकडं हाय म्हणून न्हाय सांगत. तसं समजू नको."

मी तसं समजले नव्हते. पण त्यांनी म्हटल्यावर ते माझ्या डोक्यात शिरलं आणि बसलं.

मी घरी आले. दोन आठवडे ती ईमेल तशीच ठेवली. दोन उत्तरं लिहून ठेवली होती, एक एका ओळीचं, एक दीड पानाचं. एका ओळीचं वाचायला सोपं होतं.

रविवारी सकाळी पप्पा दारात सायकलची साखळी साफ करत होते. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. शेडपासून हॉस्पिटलपर्यंत आणि काकांच्या टेबलापर्यंत. ते साखळी पुसत राहिले. आई आतून दोनदा डोकावून गेली.

पप्पांचं काम असं आहे की प्रत्येक नगाचा व्यास मोजून तपासणीच्या कागदावर लिहावा लागतो. शंभर नग असले तरी शंभर आकडे. काही कामगार दहा मोजतात आणि बाकीचे नव्वद बसल्या जागी भरतात, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. ते मात्र सगळे मोजतात. त्यावरून त्यांना बाकीचे चिडवतात, 'आलं माप' म्हणून हाक मारतात.

ते म्हणाले, "मोजलं न्हवतंस?"

"न्हाई."

"मग मोजलं म्हणून कसं लिवणार?"

"काका नको म्हणाले."

"व्हय. मालक बरोबर म्हणत्यात, त्यांच्या बाजूनं." फडका त्यांनी पायरीवर ठेवला. "पण तुझ्या बाजूनं काय?"

मी म्हणाले, "तुमच्या कामाचं काय होईल?"

त्यांनी सायकल उचलून आत घेतली.

त्या दुपारी मी दीड पानाचं उत्तर पाठवलं. त्यात लिहिलं की काकूंचं वजन प्रत्यक्ष केलं नव्हतं, त्यांनी तोंडी सांगितलेला आकडा मी लिहिला, तो कमी आहे हे मला दिसत होतं, आणि निघायच्या दिवशी विचारल्यावर मी खात्री आहे असं खोटं सांगितलं. काकांना ठाऊक होतं की नाही, यावर मी काही लिहिलं नाही. तो प्रश्न मला विचारलेला नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. म्हणजे मीही पूर्ण खरं लिहिलं नाही. पाठवायच्या आधी काकांना सांगायला हवं होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही. संध्याकाळी फोन करून सांगितलं. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

रविवारी मी जाणं बंद केलं. म्हणजे, बोलावणं आलं नाही.

अहवाल जवळजवळ वर्षानं आला. तो त्यांच्या संकेतस्थळावर आहे, कुणालाही वाचता येतो. त्यात काकूंचं नाव नाही, 'पुढच्या आसनावरील महिला प्रवासी' असं आहे. कारणं चार दिली आहेत. उष्णता, धावपट्टीची उंची, निघता निघता मागून फिरलेला वारा, आणि तक्त्यातली चूक. कुठलं किती, ते त्यांनी लिहिलेलं नाही. जबाबदारी वैमानिकाची, कारण नियमात तसं आहे. काकांचा परवाना गेला. माझ्या उत्तरानं त्यांच्यावरचं काहीच कमी झालं नाही. उलट जी एक गोष्ट त्यांना झाकायची होती ती एका तक्त्यात छापून आली आहे: नोंदवलेलं वजन अडुसष्ट, प्रत्यक्ष एक्क्याऐंशी. हा दुसरा आकडा हॉस्पिटलच्या फॉर्मवरून घेतला आहे.

काका हल्ली कारखान्यात येत नाहीत. त्यांची मुलगी पुण्याची नोकरी सोडून आली आणि आता कारखाना तीच बघते. गेल्या गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मी एम.एस्सी.च्या तासाहून येत होते.

ती म्हणाली, "मी रिपोर्ट वाचला. बाबांनी दाखवला नव्हता. मीच शोधला."

मी रस्त्याच्या कडेला थांबले.

"तू आईच्या कार्याला आमच्या घरात चहा देत होतीस. तेव्हा तुला हे ठाऊक होतं."

"हो."

"मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी कदाचित... मला ठाऊक नाही मी काय केलं असतं. पण तू मला नाही सांगितलंस, बाबांना आधी नाही सांगितलंस, त्या लोकांना सांगितलंस." ती ओरडत नव्हती. आवाज अगदी साधा होता. "माझी आई फोटोत सुद्धा कडेला उभी राहायची. आता तिचं वजन सगळ्या जगाला वाचता येतं. तुला त्याचं काय वाटतं ते मला नको सांगूस. फक्त घरी येऊ नकोस. बाबांना त्रास होतो."

मी हो म्हणाले. माफी मागायची होती. पण नेमकी कशाची, हे मला त्या वेळी ठरवता आलं नाही. अडुसष्ट लिहिल्याची, की एक्क्याऐंशी बाहेर आल्याची. तिनं फोन ठेवला.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जेवायला बसले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी नेहमीसारखा डबा भरून घेतला, सायकल बाहेर काढली आणि उंबऱ्याशी थांबले. कामाचा शर्ट घातला होता, खिशात मोजायचं ते लहान यंत्र होतं. आई आत भांडी घासत होती.

ते म्हणाले, "जाऊ न्हवं?"

बावीस वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "जावा की." पण मी ते नीट विचार करून म्हणाले नव्हते, आणि ते त्यांनाही कळलं असावं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग सायकलवर बसले आणि गेले.